रोज तोच ब्रेड : ग्लुटेन-फ्री सेटिंग असलेलं ब्रेड मशीन, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात ब्रेड मशीन हौसेने आलेलं नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक आहे. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी त्याला तान्हेपणापासून आहे आणि पाचव्या वर्षी सिलिअ‍ॅकचं निदान झालं. या आजारात ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतलं प्रथिन, पोटात गेलं की आतड्याला इजा होते. म्हणजे गहू, बार्ली, राय बंद आणि दूध, दही, लोणी, चीज हेही बंद. त्यात तो आपणहून खातो असे पदार्थ मोजून अकरा. त्यातला एक ब्रेड. तोही एकाच कंपनीचा, न भाजलेला, कडा काढलेला.

मागच्या वर्षी त्या कंपनीने ब्रेडची कृती बदलली. पाकीट तेच, नाव तेच, फक्त एका कोपऱ्यात ‘आता आणखी मऊ’ असं बारीक छापलेलं. माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. त्याने स्लाइस हातात घेतला, नाकाशी नेला, परत ठेवला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. रडला नाही, ओरडला नाही. त्या दिवसानंतर त्याने तो ब्रेड एकदाही खाल्लेला नाही. अकराचे दहा झाले. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगायला नको, यादीतून गळलेला पदार्थ परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही.

मी कंपनीला लिहिलं. चव सुधारली आहे, असं उत्तर आलं. त्यांच्या बाजूने ते खरंही असेल. पण माझ्या मुलाला सुधारलेली चव नको होती, कालचीच हवी होती.

महिनाभर मी ओव्हनमध्ये ब्रेड करून पाहिला. चांगले होत होते, खरंच. मोठी लेक आणि तिचे बाबा आवडीने खायचे. पण आज एक उंची, उद्या दुसरी, परवा वरचा भाग जरा जास्त लाल. तो दुरूनच बघायचा आणि निघून जायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला उत्तम ब्रेड नको आहे, रोज तसाच निघणारा ब्रेड हवा आहे. त्यासाठी मशीन घेतलं, आणि हे परीक्षणही त्याच हिशेबाने लिहिते आहे. ताज्या ब्रेडचा घरभर दरवळ, सकाळी उठताच गरम स्लाइस, या गोष्टींसाठी मशीन घ्यायचं असेल तर माझं मत तुमच्या फारसं कामाचं नाही.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते ‘ग्लुटेन-फ्री’ प्रोग्राम असलेल्या बहुतेक घरगुती मशीनना लागू आहे. एक पातं, एक उभट भांडं, वर काचेची खिडकी, एका वेळी साधारण ९०० ग्रॅमचा ब्रेड. माझ्या मशीनचा ग्लुटेन-फ्री प्रोग्राम एक तास पंचावन्न मिनिटांचा आहे.

हा प्रोग्राम नुसता नावाला आहे का, असा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारला. नाही, त्याला अर्थ आहे. गव्हाचं पीठ मळलं की ग्लुटेनची जाळी तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकून राहतो. म्हणून गव्हाच्या ब्रेडचं पीठ मळतात, फुगू देतात, दाबून हवा काढतात आणि पुन्हा फुगवतात. जाळी ताणली जाते, तुटत नाही. बिनग्लुटेनच्या पिठात ही जाळीच नसते. ते गोळा होण्याऐवजी घट्ट सरसरीत मिश्रण होतं, आणि एकदा फुगल्यावर दाबलं तर गेलेली हवा परत येत नाही. म्हणून या प्रोग्राममध्ये एकदाच मिसळणं, एकदाच फुगणं आणि थेट भाजणं. साध्या प्रोग्रामवर मी एकदा मुद्दाम करून पाहिला. दुसऱ्या मळणीनंतर जो बसला तो बसलाच, विटेसारखा निघाला.

आता तक्रारी. पहिली मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेबद्दल. ‘ग्लुटेन-फ्री’ या मथळ्याखाली चार कृती आहेत आणि चारही कृतींत दूध पावडर किंवा लोणी आहे. ग्लुटेन आणि दूध दोन्ही टाळावं लागणारी मुलं काही दुर्मीळ नाहीत. एक तरी कृती बिनदुधाची द्यायला हवी होती. पुस्तिका वाचून एखादी थकलेली आई ‘ग्लुटेन-फ्री आहे ना, मग चालेल’ म्हणून दूध पावडर घालून बसेल. आणि ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेलं दूध वापरूनही हा प्रश्न सुटत नाही. त्यात फक्त दुधातली साखर (लॅक्टोज) फोडलेली असते, केसीन आणि व्हे ही प्रथिनं तशीच राहतात. अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते. ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीमरमध्येही केसिनेट, म्हणजे केसीनचंच एक रूप असतं, हे मला एका पाकिटाच्या मागच्या बाजूने शिकवलं.

दूध काढलं की ब्रेडमध्ये काय बदलतं, हे मी तीन-चार ब्रेड वाया घालवून समजून घेतलं. यीस्ट दुधातली लॅक्टोज साखर खात नाही, त्यामुळे ती शिल्लक राहते आणि भाजताना दुधातल्या प्रथिनांबरोबर कडांना रंग देते. दूध नसलं तर ब्रेड फिकट निघतो. बाकीच्यांना तो दोष वाटेल. आमच्याकडे फिकट कडाच पसंत, म्हणून मी पाणीच घालते आणि कडांचं सेटिंग सगळ्यात हलकं ठेवते. तुमच्या मुलाला रंग हवा असेल तर बिनसाखरेचं सोया पेय घालून बघा, अर्थात सोया चालत असेल तरच. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही.

दुसरी तक्रार भोकाची. भांड्याच्या तळाशी पातं असतं, ब्रेड त्याच्याभोवती भाजला जातो आणि बाहेर काढताना तळाला खाच पडते. मधल्या तीन-चार स्लाइसमध्ये ती दिसते. माझ्या मुलाने असा पहिला स्लाइस पाहिला तेव्हा त्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मग स्लाइस उलटा केला. मग ताटलीवर हात ठेवून ती झाकून टाकली. त्याच्या मते ती वस्तू फुटलेली होती, आणि फुटलेलं तो खात नाही. यावर उपाय आहे. मिसळणं थांबलं की, माझ्या मशीनवर सुरुवातीपासून बाविसाव्या मिनिटाला, झाकण उघडायचं, हात पाण्यात बुडवायचा, मिश्रणात घालून पातं वर ओढून काढायचं आणि ओल्या तळहाताने वरचा भाग सारखा करायचा. खाली उरतो तो फक्त दांड्याचा पेन्सिलएवढा ठिपका. तो त्याने चालवून घेतला. पुस्तिकेत हे कुठेही नाही. मशीन घ्यायला जाल तेव्हा पातं सहज निघतं का हे हाताने ओढून बघा. काही मशीनमध्ये ते घट्ट बसतं आणि चिकट मिश्रणात निघतच नाही.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. आवाज. मिसळण्याची घरघर त्याला चालते, उलट तो जवळ येऊन भांड्याच्या बाजूला हात लावून बसतो. पण मशीन बीप करतं. सुका मेवा घालायची वेळ झाली म्हणून दहा बीप, ब्रेड झाला म्हणून दहा बीप, आणि गरम ठेवण्याचा वेळ संपला की पुन्हा. उंच, टोचणारा आवाज. पहिल्याच दिवशी कानांवर हात दाबून तो पलंगाखाली गेला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. आवाज बंद करायची सोय या मशीनला नाही. ब्रेड मशीनला गप्प बसवायचं एक बटण असायला हवं, आणि ते का नाही हे मला कळत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ असं लिहून विकताना ते कोण विकत घेणार याचा जरा विचार करायला नको का?

आता आमचं मशीन स्वयंपाकघरात नाही. कोठीच्या खोलीत, बंद दारामागे आहे. मी मनगटावर थरथरणारा गजर लावते. सुका मेवा घालायच्या बीपच्या वेळी तो आंघोळीला असेल अशी वेळ साधते, आणि शेवटच्या बीपआधी एक मिनिट जाऊन मशीन बंद करते. तरी कधी चुकतं. म्हणून दारावर एक चित्र लावलं आहे, मशीनचं आणि कान झाकलेल्या मुलाचं, आणि शेजारी खिळ्याला त्याचे कान झाकायचे हेडफोन. आता तो येताजाता स्वतःच दारावर नजर टाकतो. चित्र उलटं असेल तर मशीन बंद आहे, हे त्याला माहीत आहे.

कोपऱ्यांचं म्हणाल तर तिथे पीठ कोरडं राहतंच. पातं मधोमध, भांडं चौकोनी. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला सिलिकॉनच्या स्पॅच्युलाने चारी कोपरे खरवडून आत ढकलावे लागतात. ‘सगळं घाला आणि विसरून जा’ अशी जाहिरात असते, ती बिनग्लुटेनच्या ब्रेडला लागू नाही.

कृती देते, कारण नुसत्या मशीनने काही होत नाही. तांदळाचं पीठ २०० ग्रॅम, ज्वारीचं १००, टॅपिओका स्टार्च १००, बटाट्याचा स्टार्च ५०. इसबगोलाची पूड १८ ग्रॅम. पाणी ३६० मिलिलिटर, दोन अंडी, तेल ४० मिलिलिटर, साखर २० ग्रॅम, मीठ ८, इन्स्टंट यीस्ट ७, व्हिनेगर एक चहाचा चमचा. यात खरं काम इसबगोल करतो. ग्लुटेनची जाळी नाही, तर तिच्या जागी हा बुळबुळीत जेल वायू धरून ठेवतो. पण तो कोरडा पिठात टाकला तर गुठळ्या होतात आणि ब्रेडमध्ये करडे ठिपके दिसतात. (ठिपके दिसले की आमच्याकडे ताटली परत.) आधी कोमट पाण्यात फेटून पाच मिनिटं ठेवायचा. तो घट्ट खळीसारखा झाला की भांड्यात ओतायचा, त्यावर अंडी, तेल, व्हिनेगर, मग सगळी पिठं एकत्र चाळून, आणि यीस्ट सगळ्यात वर.

मोजायला वाटी-चमचा नको, वजनकाटाच हवा. प्रत्येक पिठाचं वजन वेगळं आणि वाटी दाबून भरली की सैल भरली यावर २० ते ३० ग्रॅमचा फरक पडतो. तेवढ्या फरकाने ब्रेडची उंची बदलते. माझ्या वहीत पहिल्या अकरा ब्रेडची नोंद आहे. पहिला मध्ये डोंगर, कडेला पीठ. दुसरा फुगला आणि भाजताना मधोमध खचला, पाणी जास्त. चौथ्याच्या तळाशी बोटभर चिकट थर, कारण मी ब्रेड मशीनमध्येच ‘गरम ठेवा’वर राहू दिला होता. वाफ आत कोंडून तळ ओला होतो. ब्रेड झाल्या झाल्या बाहेर काढून जाळीवर आडवा ठेवायचा आणि किमान दोन तास सुरी लावायची नाही. आतला स्टार्च गार होताना घट्ट बसतो, त्याआधी कापलं तर काप चिकट लागतो. आठव्यापासून मी आत थर्मामीटर खुपसून बघायला लागले. ९६ ते ९८ अंश सेल्सिअस हवं. माझं मशीन ९३ वरच थांबतं, म्हणून ‘फक्त भाजणे’ या प्रोग्रामवर आणखी दहा मिनिटं देते. हे मशीनमधलं उणं आहे, पण ते दर वेळी तेवढंच उणं असतं, आणि मला तेच हवं आहे.

अकरावा ब्रेड त्याने खाल्ला. आम्ही कुणी काही बोललो नव्हतो. ठरवूनच त्याच्या ताटलीत ठेवला नव्हता, टेबलाच्या मध्ये ठेवला होता, आणि लेक तिचा तिचा खात होती. त्याने एक तुकडा उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चावला. स्पीच थेरपिस्टने मला सांगून ठेवलं होतं की पाहणं, हात लावणं, वास घेणं, ओठाला लावणं ही सगळी खाण्याचीच पायरी आहे, चावण्याची घाई करू नका. ते ऐकलं हे बरं झालं. पण त्या तीन दिवसांत तिन्ही ब्रेड सारखेच निघाले नसते तर तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर परत गेला असता. हे काम मशीनने केलं आणि त्याचं श्रेय मी त्याला देते.

ताजा ब्रेड एका दिवसात कोरडा पडतो, हे सगळ्याच बिनग्लुटेनच्या ब्रेडचं आहे. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो उलट लवकर शिळा होतो. पूर्ण गार झाल्यावर सगळे काप करून, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये टाकायचे आणि लागेल तसा एक-एक काढायचा. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद दिले की पुन्हा मऊ होतो, पण लगेच खायचा, पाच मिनिटांनी चामड्यासारखा होतो. ज्या मुलांना चावायला-गिळायला त्रास होतो, डाउन सिंड्रोममुळे किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे तोंडाचे स्नायू सैल असतात, त्यांना कोरडा भुरभुरीत ब्रेड घशात अडकू शकतो. आमच्या ओळखीत अशी एक मुलगी आहे. तिची आई हाच ब्रेड घेऊन जाते, पण तो भाजीच्या सूपमध्ये भिजवून, थेरपिस्टने सांगितला आहे तेवढाच मऊ करून देते. तुमच्या मुलासाठी किती मऊ हवा हे त्याच्या थेरपिस्टलाच विचारा.

अंड्याशिवाय तीनदा केला. अंड्यांऐवजी जवसाची पूड भिजवून घातली. चव चांगली आली, पण उंची जवळजवळ एक तृतीयांश कमी आणि आतून जड. या बाबतीत मशीनला पूर्ण गुण देता येणार नाहीत. बिनअंड्याच्या ब्रेडला फुगायला जास्त वेळ लागतो आणि माझ्या मशीनवर तो वेळ बदलता येत नाही. तुमच्या मुलाला अंडंही वर्ज्य असेल तर स्वतः वेळ ठरवता येणारा प्रोग्राम असलेलं मशीनच बघा.

जुनं, वापरलेलं मशीन घेऊ नका. मला एका ओळखीच्या बाईंनी प्रेमाने त्यांचं देऊ केलं होतं आणि नाही म्हणताना वाईट वाटलं. पण भांड्याखालच्या फिरत्या दांड्याच्या खाचेत, झाकणाच्या फटीत, पंख्याच्या जाळीत वर्षानुवर्षांचं गव्हाचं पीठ बसलेलं असतं, आणि मशीनचा आतला भाग पाण्याने धुता येत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायला अन्नात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं प्रमाण आहे. किलोभर अन्नात मिसळलेले २० मिलिग्रॅम डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत. त्याच कारणाने या मशीनमध्ये ‘आज आमच्यासाठी गव्हाचा करू’ असं कधीही करायचं नाही. चाळणी, लाकडी चमचे आणि टोस्टरही वेगळे. घरात गव्हाचं पीठ उघडं चाळणं आम्ही बंदच केलं, ते हवेत बराच वेळ तरंगत राहतं.

सुरुवातीला सासूबाईंना हे सगळं जास्तीचं वाटायचं. “अगं, एवढासा तुकडा खाल्ला तर काय होणार आहे त्याला?” तेव्हा मी त्यांना डिके यांची गोष्ट सांगितली. विलेम-कारेल डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ, हेगच्या मुलांच्या रुग्णालयात होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे अन्नाची भीषण टंचाई झाली, ब्रेड मिळेनासा झाला. बाकी सगळे उपाशी, आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच, १९५०मध्ये त्यांनी त्यावरचा प्रबंध सादर केला. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या मुलांच्या आया मुलांना ताकद यावी म्हणून तेच भरवत होत्या.” त्यानंतर त्यांनी तुकड्याचा विषय काढला नाही. उलट आता पाहुण्यांना दारातच सांगतात, बिस्किटं पिशवीत ठेवा म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण माझ्याकडे मशीनची चौकशी करणाऱ्या निम्म्या आया खरं तर वेगळंच विचारत असतात. हा आहार ऑटिझमवरचा उपाय म्हणून आम्ही घेतलेला नाही. आमच्याकडे दोन्ही निदानं तपासण्या होऊन झालेली आहेत. ग्लुटेन आणि केसीन बंद करून ऑटिझमची लक्षणं कमी होतात का, याचा २००८मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला तेव्हा त्यांना दोनच लहान चाचण्या सापडल्या आणि पुरावा अपुरा निघाला. आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाच्या ताटातून आणखी दोन गट काढणं ही छोटी गोष्ट नाही. आणि सिलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत ग्लुटेन बंद करू नका. बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडं कमी होत जातात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला त्यासाठी पुन्हा महिनाभराहून जास्त काळ ग्लुटेन खायला द्यावं लागलं, ते दिवस त्या घराने फार हालात काढले.

ब्रेड झाला म्हणजे पोषण झालं, असंही नाही. या पिठांत बऱ्याचदा बाहेरून घातलेलं लोह किंवा बी जीवनसत्त्वं नसतात, जी अनेक देशांत गव्हाच्या पिठात घालतात. दूध नाही म्हणून कॅल्शियमकडे बघावं लागतं. अमेरिकेतली शिफारस ४ ते ८ वर्षांच्या मुलांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांना १३०० मिलिग्रॅम अशी आहे. आमच्या आहारतज्ज्ञांनी कॅल्शियम घातलेलं सोया पेय सुरू केलं, आणि खोका दर वेळी जोरात हलवायला सांगितला, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. मी दोन वर्षं न हलवता देत होते. नुसत्या तांदळावरही जाऊ नका. तांदळात आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त उतरतं, म्हणूनच माझ्या मिश्रणात ज्वारी आणि स्टार्च आहेत. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने तर पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय दुधाऐवजी देऊ नये असं सांगितलं आहे.

आणि शाळेत खेळायला देतात ती रंगीत मऊ माती एकदा तपासा. तिच्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, आणि आपली मुलं सगळं तोंडात घालतात.

हल्ली वजनाचं काम त्याचं आहे. काट्यावर वाडगा ठेवला की तो येऊन उभा राहतो. आकडे त्याला फार प्रिय. तांदळाचं पीठ मी घालते, १९० पर्यंत, पुढचं तो चमच्याने. १९७, १९९, मग चिमूट. २०१ झालं तर एवढीशी चिमूट उचलून परत डब्यात टाकतो आणि २०० स्थिर होईपर्यंत श्वास धरून बघतो. मग माझ्याकडे बघतो. दोन वर्षांपूर्वी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हता, वासांमुळे. इसबगोलाच्या पाण्यात मात्र तो अजून हात घालत नाही, त्या बुळबुळीतपणाची त्याला शिसारी आहे. ते मीच करते.

घ्यावं का? मुलाला सारखेपणा हवा असेल, रोज वीस मिनिटं भांड्याशी उभं राहायची तयारी असेल आणि मशीन दूरच्या खोलीत ठेवायला जागा असेल तर जरूर घ्या. ज्यांचं मूल बाजारातला एखादा ब्रेड आनंदाने खातं त्यांनी घेऊ नये, ओव्हन आणि एक साचा पुरेसा आहे. आणि घेणारच असाल तर पहिल्याच दिवशी आणखी एक पातं आणि एक आतलं भांडं मागवून ठेवा. बाराव्या महिन्यात माझ्या भांड्याचा लेप खरवडला गेला, ब्रेड तळाला चिकटून तुटला आणि नवीन भांडं यायला तीन आठवडे लागले. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला मी सांगत होते की घरी एक मूल थांबलेलं आहे, त्याला वाटलं मी नुसती घाई करते आहे. ते तीन आठवडे फ्रीजरमधल्या एकवीस स्लाइसवर काढले, रोज एक. शेवटचा संपला त्याच दिवशी संध्याकाळी भांडं आलं. नव्या भांड्यातला पहिला ब्रेड तळाशी एक छटा गडद निघाला, आणि त्याने तो खाल्ला.